उरलेले पाच टक्के

हळदीचा पिवळा रंग आणि तिचा बराचसा औषधी लौकिक ज्या संयुगांमुळे आहे, त्यांना कर्क्युमिनॉइड म्हणतात; कर्क्युमिन हे त्यांतलं मुख्य. साध्या हळकुंडात ती वजनाच्या ३ टक्क्यांच्या आसपास असतात. म्हणजे १०० किलो हळकुंडं दळायची, सॉल्व्हंटमध्ये भिजवायची, अर्क आटवायचा, त्याचे स्फटिक पाडायचे, गाळून वाळवायचे; एवढं सगळं नीट झालं तर हातात ९५ टक्के शुद्धतेची दोन-अडीच किलो पावडर येते. आरोग्यपूरक कॅप्सूल बनवणारे कारखाने हीच पावडर घेतात, आणि तिच्या सौद्यात एकच आकडा बोलला जातो : पंच्याण्णव.

वसई पूर्वेला वालीवच्या बाजूच्या एका औद्योगिक गाळ्यात मी आणि माझ्या भावाने हे काम सुरू केलं, तेव्हा मलाही तो आकडा पुरेसा वाटत होता. माझ्याकडे रसायनशास्त्रातली एम.एस्सी. होती, औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतली नोकरी करून झाली होती. शुद्धता म्हणजे काय हे आपल्याला कळतं, अशी माझी खात्री होती. ती खात्री चुकीची होती. पुढे लिहिते आहे ते तिच्यापायी झालेल्या चुकांबद्दल. काही चुकांत पैसा बुडाला, तो पुढे भरून निघाला. काही चुकांचा धोका मात्र आमच्या मालाच्या कॅप्सूल गिळणाऱ्या माणसांनी पत्करला, आणि आपण तो पत्करतो आहोत हे त्यांना माहीतही नव्हतं. पालघर जिल्ह्यात असे छोटे अर्क-उद्योग काढू पाहणारी तरुण मंडळी आता माझ्याकडे सल्ल्याला येतात. त्यांना यंत्रांची माहिती द्यायच्या आधी मी हेच सांगते.

पहिली चूक खरेदीतली. हळदीच्या व्यापारात डोळ्यांना फार मान आहे. सांगलीच्या अडत दुकानांत हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा, कणी वेगळी. हळकुंड मोडून आतला रंग बघायचा, दोन हळकुंडं एकमेकांवर आपटून ती किती वाळली आहेत ते आवाजावरून ओळखायचं. स्वयंपाकाच्या हळदीसाठी ही पारख उत्तम आहे आणि ती पिढ्यांनी कमावलेली आहे. अर्क काढणाऱ्याला मात्र ती पुरत नाही. केरळची अळेप्पी, मेघालयातली लाकाडोंग, आपल्याकडे वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद, यांचं नाव आहे ते त्यांच्यातल्या कर्क्युमिनच्या प्रमाणामुळे. आणि एकाच बाजारात शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन पोत्यांतही ते प्रमाण वेगळं निघतं. जात, जमीन, काढणीची वेळ, शिजवण्याची पद्धत, साठवण, सगळ्याचा त्यावर परिणाम होतो.

मी रंग बघून आणि भाव पाडून माल घेतला. तपासणीचा खर्च वाचवला. पुढे हिशेब मांडला तेव्हा चूक उघड झाली. ३ टक्क्यांच्या हळदीला जेवढं सॉल्व्हंट, जेवढी वाफ, जेवढी मजुरी लागते, तेवढीच ४ टक्क्यांच्या हळदीला लागते. पण माल एक-तृतीयांश जास्त निघतो. स्वस्तात आणलेली हळद आम्हाला सगळ्यात महाग पडली होती.

हे नुकसान निदान वहीत दिसलं. जे दिसलं नाही ते जास्त गंभीर होतं. आम्ही हळद चाळीसपट आटवत होतो, आणि आटवताना सॉल्व्हंट काही पारख करत नाही. त्यात जे जे विरघळतं, ते सगळं बरोबर येतं. हळदीच्या पिकावर किंवा साठवणीत मारलेली बरीचशी कीटकनाशकं तेलात आणि सॉल्व्हंटमध्ये सहज विरघळणारी असतात. हळकुंडात किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम असलेला अंश पूर्णपणे अर्काबरोबर आला, तर पावडरीत तो किलोमागे २ मिलिग्रॅम होतो. स्फटिक धुताना त्यातलं बरंच तेलकट भागाबरोबर निघून जातं. पण किती गेलं आणि किती राहिलं, हे मोजल्याशिवाय कळत नाही. आम्ही मोजत नव्हतो. एका खरेदीदाराने मोजलं आणि आमचा अख्खा लॉट परत पाठवला. त्याआधीचे लॉट कुणीच मोजले नव्हते. ते परत आले नाहीत, याचा अर्थ ते चांगले होते असा होत नाही.

शिशाची गोष्ट याहून वेगळी. फिक्या हळकुंडाला पॉलिश करताना चकाकी आणण्यासाठी काही ठिकाणी लेड क्रोमेट हा पिवळा रंग चोळतात. बांगलादेशात १९८० च्या दशकात पुरामुळे हळद निस्तेज झाली तेव्हा ही वाईट रीत पसरली, असं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आलं. तिथल्या सरकारने नंतर बाजारांत कडक तपासणी केली आणि २०२१ पर्यंत तो प्रकार जवळजवळ संपवला. म्हणजे मनात आणलं तर हे थांबवता येतं. लेड क्रोमेट सॉल्व्हंटमध्ये सहसा विरघळत नाही, तो चोथ्यात राहतो. हे वाचून मी निर्धास्त झाले होते : आपला अर्क सुरक्षित आहे, मग काळजी कसली?

काळजी चोथ्याची करायला हवी होती. १०० किलो हळदीतून अडीच किलो पावडर काढली की नव्वदेक किलो चोथा उरतो. तो अजूनही पिवळसर असतो, हळदीसारखाच दिसतो, वासही थोडा असतो. आमच्याकडे एक व्यापारी यायचा, रोख पैसे द्यायचा आणि पोती घेऊन जायचा. अगरबत्तीसाठी नेतो, असं तो म्हणाला आणि मी ते मान्य करून टाकलं, कारण गाळ्यातली जागा रिकामी होत होती. सत्त्व काढून घेतलेला मसाला रंग लावून पुन्हा मसाला म्हणून विकणं ही भेसळीची जुनी आणि सगळ्यांना ठाऊक असलेली वाट आहे. मलाही ती ठाऊक होती. मी त्याच्याकडे साधी पोचपावतीही मागितली नाही. माझा चोथा कुणाच्या वरणात गेला असेल, तर त्या घरात हळद समजून काय शिजलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आता चोथ्यातलं सॉल्व्हंट वाफेने पूर्ण काढून त्याच्या कांड्या करतो आणि त्या बॉयलरमध्येच जाळतो. चोथ्याचा एक किलोही विकत नाही.

दुसऱ्या चुका हातातल्या कामाच्या. हळदीत चुना मिसळला की तिचं कुंकू होतं, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. त्यामागचं रसायन असं की अल्कली लागताच कर्क्युमिन लाल होतं आणि मग वेगाने मोडायला लागतं. हे मी वर्गात शिकवूही शकले असते. तरी आमच्या रिअ‍ॅक्टरमध्ये एक बॅच लालसर तपकिरी झाली, तेव्हा मी आधी हळदीला दोष दिला, मग सॉल्व्हंटला, मग कामावरच्या मुलांना. खरं कारण मी स्वतः लिहिलेल्या सूचनेत होतं. भांडं कॉस्टिक सोड्याने धुवा, एवढं मी लिहिलं होतं. नंतर साध्या पाण्याने किती वेळा धुवायचं आणि शेवटच्या पाण्याचा पीएच बघायचा, हे लिहायचं राहिलं होतं. भांडं धुणाऱ्या मुलाने सांगितलं तेवढं चोख केलं होतं. त्याला मी सगळ्यांसमोर बोलले. खरं कारण कळल्यावर मी सूचना सुधारली, पण त्याची माफी मागायला मला उशीर झाला. तोवर तो काम सोडून गेला होता.

उजेडाचंही तेच. कर्क्युमिन उजेडात मोडतं. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांत उन्हाळ्यात बाटली मसाला होतो. भाजून-कांडून झालेला मसाला गडद रंगाच्या काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात आणि तो वर्षभर रंग धरून राहतो. मी याच मुलखात वाढले, अशा बाटल्या भरताना पाहिलं आहे. आणि मी आमची पावडर पारदर्शक पिशव्यांत भरून पश्चिमेच्या खिडकीशी ठेवत होते, कारण खरेदीदाराला रंग दिसावा अशी माझी इच्छा होती.

पावसाळ्याने वेगळा धडा दिला. जून ते सप्टेंबर वसईच्या हवेत ओल भरलेली असते. वीज जाते, रस्त्यावर पाणी साचलं की टँकर पोचत नाही, कूलिंगचं पाणी थंड राहत नाही. पाण्याच्या कडीवर चालणाऱ्या व्हॅक्यूम पंपाची ताकद त्या पाण्याच्या तापमानावर ठरते; पाणी कोमट झालं की व्हॅक्यूम कमी पडतं आणि स्फटिकांत अडकलेलं सॉल्व्हंट बाहेर येत नाही. आम्ही उन्हाळ्यात ठरवलेला वाळवणीचा वेळ पावसाळ्यातही तसाच ठेवला. वरून पावडर कोरडी ठणठणीत लागायची, पण गोळ्यांच्या आत आमचं सॉल्व्हंट, इथाइल अ‍ॅसिटेट, राहून जायचं. पिशवी उघडली की नेलपॉलिशसारखा गोडसर वास यायचा. तो वास मला येत होता. घड्याळ पूर्ण झालं म्हणजे माल वाळला, असं मी धरून चालले. आता वेळ बघून ट्रे काढत नाही, सॉल्व्हंटचा अंश मोजूनच काढतो, आणि वाळवणीच्या मध्यावर गोळे फोडून, चाळून पुन्हा पसरतो.

इथेच आगीबद्दलही सांगायला हवं. इथाइल अ‍ॅसिटेटची वाफ उणे ४ अंश सेल्सियसलाही पेट घेऊ शकते. म्हणजे वसईच्या उन्हाळ्यात उघड्या ड्रमवर पेटण्याजोगी वाफ सतत तरंगत असते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत जाते. प्लॅस्टिकच्या नळीतून सॉल्व्हंट ओतताना साठणाऱ्या स्थिर विजेची एक ठिणगी तिला पुरते. सुरुवातीच्या काळात आम्ही ड्रमला अर्थिंग न देता सॉल्व्हंट ओतलेलं आहे. तारापूर एमआयडीसीतल्या स्फोटांच्या बातम्या आम्ही वाचत होतो, हळहळत होतो, आणि त्याच दिवशी तशाच नळीने ओतत होतो. आमच्याकडे अपघात झाला नाही, यात आमचं काही कर्तृत्व नव्हतं. पेटणाऱ्या सॉल्व्हंटशिवायची वाटही कुणीतरी दाखवली होती : माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. विलास गायकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पाण्यात हायड्रोट्रोप नावाचे विरघळणारे क्षार घालून मिरीतलं पिपेरिन आणि हळदीतली कर्क्युमिनॉइड काढून दाखवली होती. दाट द्रावणात संयुग विरघळतं, पाणी वाढवलं की ते खाली बसतं. लोकलने तासाभरावर असलेल्या संस्थेतलं हे काम मी वाचलं होतं आणि प्रयोगशाळेपुरतं म्हणून बाजूला ठेवलं होतं. एकदा जाऊन विचारलं असतं, तर निदान आपल्या पद्धतीचे धोके तरी लवकर कळले असते.

आता त्या पंच्याण्णवकडे येते.

कर्क्युमिन मोजायची सोपी रीत म्हणजे पावडर विरघळवून ती ४२० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश किती शोषते हे बघणं. यंत्र स्वस्त, उत्तर लगेच. पण त्या तरंगलांबीला जे काही पिवळं असेल ते सगळं मोजलं जातं. घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर मात्र तिन्ही कर्क्युमिनॉइड वेगवेगळी दिसतात. हळदीतून आलेल्या मालात कर्क्युमिन साधारण ७५ ते ८० टक्के, डीमिथॉक्सी-कर्क्युमिन १५ ते २० आणि बिसडीमिथॉक्सी-कर्क्युमिन ३ ते ५ टक्के असा मेळ असतो. कारखान्यात कृत्रिमरीत्या बनवलेलं कर्क्युमिन मिसळलं तर हा मेळ बिघडतो, आणि साध्या यंत्राला त्याचा पत्ताही लागत नाही. आम्ही साध्या यंत्रावर ९५ वाचत होतो आणि दर्जा-प्रमाणपत्रावर ९५ छापत होतो. एचपीएलसीवर पाठवलेल्या नमुन्यांत तो आकडा खाली आला, तेव्हा मी कुठली पद्धत वापरली हे प्रमाणपत्रावर लिहिणंच बंद केलं. ती निव्वळ लबाडी होती, आणि ती मी विचार करून केली.

यानंतर जे घडलं ते त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल होतं. एक मोठी ऑर्डर आली. आमच्या एक्स्ट्रॅक्टरची तेवढी क्षमता नव्हती. मी एका व्यापाऱ्याकडून तयार ओलिओरेझिन, म्हणजे स्फटिक पाडण्याआधीचा दाट अर्क, विकत घेतलं आणि आमच्याकडे इथाइल अ‍ॅसिटेटमधून त्याचे स्फटिक पाडले. खरेदीदाराच्या कागदावर एक ओळ होती : या मालाच्या निर्मितीत कोणतं सॉल्व्हंट वापरलं? मी लिहिलं, फक्त इथाइल अ‍ॅसिटेट. सही केली.

ते ओलिओरेझिन एथिलीन डायक्लोराइडने काढलेलं होतं. मसाल्यांच्या ओलिओरेझिनमध्ये हे क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट बरीच वर्षं वापरात आहे. अमेरिकेच्या अन्ननियमांत अशा ओलिओरेझिनमध्ये क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटचा अंश एकूण ३० पीपीएमपर्यंत, म्हणजे किलोमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत, चालतो. पण ओलिओरेझिन लोणच्यात किंवा सॉसमध्ये चिमूटभर पडतं. औषधांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत एथिलीन डायक्लोराइड पहिल्या वर्गात, म्हणजे टाळायलाच हवं अशा सॉल्व्हंटांत आहे आणि त्याची मर्यादा ५ पीपीएम आहे. इथाइल अ‍ॅसिटेट तिसऱ्या वर्गात, मर्यादा ५,००० पीपीएम. खरेदीदाराच्या गॅस क्रोमॅटोग्राफीवर आमच्या पावडरीत पाचापेक्षा कितीतरी जास्त निघालं. त्यांनी माल परत केला, आणि ते योग्यच होतं.

माझी मोठी चूक त्यानंतरची आहे. त्याच ओलिओरेझिनपासून केलेला थोडा माल एका लहान कॅप्सूल-उत्पादकाकडे आधीच गेला होता. त्यांच्याकडे तपासणी नव्हती. ते माझ्या सहीवर चालले होते. मला कळल्याबरोबर मी त्यांना फोन करायला हवा होता. मी केला नाही. व्यापाऱ्याशी भांडण्यात, पैसे परत मागण्यात, भावाशी वाद घालण्यात मी काही दिवस घालवले. रात्री झोप लागत नव्हती, पण फोन तर हातातच होता. शेवटी सांगितलं तेव्हा मालाचा काही भाग कॅप्सूलमध्ये भरून दुकानांत गेला होता. त्यांनी जमेल तेवढा परत मागवला, खर्च आम्ही दिला. जो परत आला नाही तो कुणीतरी खाल्ला. प्रमाण कमी होतं, दिवस थोडे होते, असं मी स्वतःला समजावलं. पण तो धोका घ्यायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क खाणाऱ्याचा होता, आणि तो मी त्याच्यापासून काढून घेतला.

आता घरातली गोष्ट. कर्क्युमिन रक्तात फार कमी उतरतं. यकृत आणि आतडं त्याला झटपट दुसऱ्या रूपात बदलून बाहेर टाकतात. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपेरिन दिलं, तर निरोगी माणसांत त्याची उपलब्धता २० पटींनी वाढते. तेव्हापासून बाजारातल्या अनेक कॅप्सूलांत मिरीचा अर्क असतो. आम्हीही तसं मिश्रण करून विकलं आणि २० पट हा आकडा अभिमानाने सांगितला. हे कसं घडतं, याचा विचार मी पुढे नेला नाही. नको असलेली रसायनं बाहेर टाकणारी शरीराची यंत्रणा पिपेरिन मंदावतं, आणि त्या यंत्रणेवर कर्क्युमिन एकटं अवलंबून नसतं. फेनिटोइन, प्रोप्रॅनोलॉल, थिओफायलीन यांसारख्या औषधांचं रक्तातलं प्रमाण पिपेरिनमुळे वाढतं, हे १९८० च्या दशकाअखेरपासून आणि पुढच्या काही वर्षांत भारतातल्याच संशोधकांनी मोजलेलं होतं.

माझ्या आत्याच्या हृदयाची झडप बदललेली आहे. ती रोज रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते. तिचे गुडघे दुखत होते आणि आमच्या मिश्रणाच्या कॅप्सूलचं कौतुक घरात रोज चालू होतं. मी तिला डबा दिला. तिने विचारलं, "अगं, डॉक्टरांना विचारू का?" मी म्हणाले, "आत्या, हळदच आहे ती." काही आठवड्यांनी तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, दंडावर न आपटता काळेनिळे डाग उठले. नेहमीच्या तपासणीत रक्त गोठण्याचा आकडा धोक्याच्या पुढे गेलेला निघाला. तिला दाखल करावं लागलं. डॉक्टरांनी नवीन काय सुरू केलं म्हणून विचारलं, तेव्हा ती मला सांभाळून घेत गप्प राहिली. मी तिथेच उभी होते. मी सांगितलं. कॅप्सूलमुळेच झालं असं खात्रीने म्हणता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले; पण कॅप्सूल थांबवली आणि आकडा खाली आला. न्यूझीलंडच्या औषध-नियंत्रकांनी २०१८ साली अगदी अशाच एका रुग्णाबद्दल इशारा दिला होता. तो इशारा शोधून वाचणं हे माझं काम होतं.

आत्या बरी झाली आणि माझ्यावर रागावली नाही. तिच्या न रागावण्याने मला सुटल्यासारखं वाटलं नाही. "हळदच आहे ती" या माझ्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या सगळ्या चुकांचं मूळ मला त्याच वाक्यात दिसतं.

मी विद्यार्थी होते तेव्हा हळदीच्या पेटंटची लढाई आमच्यासाठी अभिमानाचा विषय होता. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेत १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. आपल्या आज्या-पणज्यांचं ज्ञान जिंकलं, असं आम्ही म्हणत होतो. त्या विजयामागे काय होतं हे मी नंतर नीट वाचलं. सीएसआयआरने जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला शोधनिबंध असे लेखी पुरावे पुढे ठेवले होते. भावनेने ते पेटंट हललं नसतं. आणि तो सगळा पुरावा हळदीचा होता, माझ्या पावडरीचा नव्हता.

आपल्या घरात माणशी दिवसाला दोन-अडीच ग्रॅम हळद पोटात जाते. त्यातून ६० ते १०० मिलिग्रॅमपर्यंत कर्क्युमिनॉइड मिळतात, तीही भाजीत, तेलात, जेवणाबरोबर. ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमधली ४७५ मिलिग्रॅम कर्क्युमिनॉइड मिळवायला जवळपास १६ ग्रॅम हळद लागेल, आणि वर ती २० पटींनी रक्तात उतरवायला पिपेरिन. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञ समितीने खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम ठरवली आहे. ६० किलोच्या माणसाला ती १८० मिलिग्रॅम होते. शतकानुशतकांचा अनुभव स्वयंपाकघरातल्या हळदीचा आहे. अमेरिकेत औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी हळदीच्या पूरकांशी निगडित १० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या ७ जणांत एकच विशिष्ट जनुकप्रकार आढळला. इटलीने अशा घटनांनंतर २०२२ साली हळदीच्या पूरकांवर इशारा छापणं सक्तीचं केलं. बहुसंख्य माणसांना काही होत नाही, हे खरं आहे. ज्यांना होतं त्यांना आधी ओळखता येत नाही, हेही तितकंच खरं आहे. आजीच्या हळदीवरचा विश्वास मी माझ्या अर्कासाठी उसना घेतला होता, आणि तो कशावर उभा आहे हे पाहिलं नव्हतं.

अर्काला मी वाईट म्हणत नाही. हे काम मी आजही करते आणि त्यावर माझं प्रेम आहे. सांधेदुखीवर कर्क्युमिनचे काही अभ्यास आशादायक आहेत. पण अर्क ही नवी वस्तू आहे, आणि नव्या वस्तूने आपला विश्वास स्वतः कमवावा लागतो.

म्हणून आता प्रत्येक लॉटबरोबर जाणाऱ्या कागदावर एचपीएलसीवरची तिन्ही कर्क्युमिनॉइड वेगळी लिहिलेली असतात. सॉल्व्हंट कुठलं, त्याचा अंश किती, शिसं किती, कीटकनाशकं तपासली का, हळद कुठल्या बाजारातून आली, अर्क आमच्याकडे निघाला की बाहेरून आला, हे सगळं असतं. पिपेरिन असेल तर रक्त पातळ करणारी, मिरगीची, मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, ही ओळ कॅप्सूलच्या डब्यावर छापणार का, हे मी खरेदीदाराला विचारते. जो नाही म्हणतो त्याला माल देत नाही. यामुळे काही ग्राहक गेले. आमचा भाव इतरांपेक्षा जास्त आहे. तो जास्तच असणार, कारण त्यात तपासण्यांचा खर्च धरलेला आहे.

कॅप्सूल घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच : ९५ टक्के वाचून थांबू नका, उरलेल्या पाच टक्क्यांत काय आहे ते विचारा, आणि दुसरं कुठलंही औषध चालू असेल तर डॉक्टरांना डबा दाखवा. हे काम सुरू करणाऱ्यांना आणखी थोडं. पहिल्या नफ्यातून दुसरा रिअ‍ॅक्टर घेऊ नका, तो पैसा तपासणीत घाला. आणि काही चुकलं असं कळलं, तर त्याच दिवशी ज्याच्याकडे माल गेला आहे त्याला फोन करा. बाकीची भांडणं नंतर करता येतात.